सीट बदलण्याआधी: रोड बाइकवर बसायची मापं

रोड बाइकवर तासाभरात बूड दुखायला लागलं की पहिला बळी सीटचा जातो. कंपनीने दिलेली सीट काढून रुंद, मऊ, वर जेलचं कव्हर चढवलेली सीट बसते. पंधरा दिवस बरं वाटतं आणि पहिल्याच शंभर किलोमीटरच्या राइडला दुखणं परत येतं, फक्त जागा बदलून. मग तिसरी सीट, मग चौथी. जुन्या सायकलवाल्यांच्या घरी अशा सीटांचं एक खोकं असतंच आणि त्यातल्या निम्म्या तरी निर्दोष असतात.

दोष बहुतेक वेळा बसण्यात असतो. सीट उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि मांडीच्या आतली कातडी घासली जाते. हँडल लांब असेल तर माणूस नकळत सरकत सीटच्या नाकावर येतो आणि जो भार हाडांनी उचलायचा तो मधल्या नाजूक भागावर पडतो. दोन्ही वेळा शिव्या मात्र सीटला. म्हणून क्रम असा ठेवा: आधी उंची, मग सीट मागे-पुढे, मग तिचा कल, मग हँडलचं अंतर. एवढं करूनही दुखलं तर नवीन सीट.

हत्यारं घरात असतात तेवढीच: ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन की, मोजायची टेप, दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा, मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप, थोडी इलेक्ट्रिकल टेप. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. कार्बनची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) किंवा हँडल असेल तर ती हवीच. बोल्टला हात लावायच्या आधी तीन मापं वहीत लिहा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या अक्षाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत (सीट ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या सीटखालच्या नळीच्या रेषेत), सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि जमिनीपासून सीट व हँडल यांच्या उंचीतला फरक. काही बिघडलं तर निदान मूळपदावर येता येतं. एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर दोन-तीन राइड होऊ द्या. एकाच रविवारी उंची, कल आणि स्टेम (हँडल धरणारा पुढचा दांडा) तिन्ही बदललं तर कशाने फरक पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

उंची

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. पायांत १५ सेंटिमीटरचं अंतर. एक जाड पुस्तक, त्याचा कणा (बांधणीची कड) वर करून दोन पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तकाची मागची कड भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर ते तिरकं होतं. कण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं इनसीम. पँटवर लिहिलेला आकडा इथे कामाचा नाही.

ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र सांगतं, इनसीम गुणिले ०.८८३. इनसीम ८० सेंटिमीटर असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर. लेमाँडने टूर द फ्रान्स १९८६, १९८९ आणि १९९० साली जिंकली. सूत्र त्याच काळातलं. आजचे क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळपट्टीचे) बूट आणि पेडलं त्या काळापेक्षा पातळ आहेत, त्यामुळे आलेल्या आकड्यातून २-३ मिमी वजा करून सुरुवात केलेली बरी. सूत्राला क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी कळत नाही हेही लक्षात ठेवा. १७० मिमीच्या जागी १६५ चा क्रँक बसवलात तर पेडल खाली ५ मिमी कमी जातं, म्हणून सीट तेवढीच वर घ्यावी लागते.

पडताळा टाचेने करायचा. सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावा किंवा भिंतीचा आधार घ्या, राइडचेच बूट आणि शॉर्ट्स घाला. टाच पेडलवर ठेवून उलटं पेडल मारा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप पुरेसा वाक राहतो. सरळ पायापासून मोजला तर तो वाक साधारण २५ ते ३५ अंश असावा. मोबाइल सीटच्या उंचीवर, बाजूने, दोन-तीन मीटरवर ठेवून व्हिडिओ काढा आणि पेडल खाली आल्यावर थांबवून पाहा. दुसरा व्हिडिओ मागून काढा, तो जास्त बोलका असतो. शॉर्ट्सची कंबरेची पट्टी दर फेऱ्याला झुलत असेल तर सीट उंच आहे, सूत्र काहीही म्हणो.

दुखण्याची जागाही बरंच सांगते. गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखतं तेव्हा सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते. गुडघ्याच्या मागे, लवणीत ओढ बसते तेव्हा सीट उंच किंवा फार मागे. बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर सीट सोडा आणि क्लीटचा कोन तपासा.

बदल ३ मिमीच्या टप्प्यांनी करा. सुरुवातीची घोडचूक असेल तर एकदम १ सेंटिमीटर खाली आणायला हरकत नाही, पण वर नेताना घाई नको. सीटपोस्टवर फ्रेमच्या तोंडाशी टेपचा एक वेढा मारून ठेवला की सायकल गाडीत घालताना पोस्ट काढली तरी माप हरवत नाही. पोस्टवर छापलेली किमान खोलीची रेष फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

मागे-पुढे

रुळलेली पद्धत ओळंब्याची. क्रँक जमिनीला समांतर करा आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली नडगीच्या सुरुवातीला जो उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. तो पेडलच्या अक्षावर पडला की सीट बरोबर, असं म्हणतात. सायकली बनवणाऱ्या कीथ बॉन्ट्रेगरने या नियमाची पार चिरफाड केलेली आहे. त्याचा मुद्दा साधा आहे: झोपून चालवायच्या रिकम्बंट सायकलवर गुडघा पेडलच्या वर कधीच येत नाही, तरी लोक त्या मजेत चालवतात. गुरुत्वाकर्षणाच्या रेषेचा पेडल मारण्याशी थेट संबंध नाही. तरीही सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि ओळंबा बऱ्याच जणांना योग्य जागेच्या एक-दोन सेंटिमीटरच्या आत आणून सोडतो.

खरी कसोटी तोलाची. ट्रेनरवर, राइडला असतो तेवढ्या जोराने पेडल मारत असताना हूड्सवरचे (ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीवरचे) हात दोन-तीन सेंटिमीटर वर उचला. धड क्षणभर आहे तिथेच राहिलं तर सीट जागेवर आहे. हात सुटताच पुढे कोसळायला होत असेल तर सीट थोडी मागे हवी. ऐकायला उलटं वाटतं, पण बूड जितकं पायांच्या मागे जातं तितका धडाचा तोल पायांवर येतो आणि तळहात मोकळे होतात. तळहात बधीर होणाऱ्यांपैकी कितीतरी जण सीट पुढे ढकलून बसलेले असतात, कारण दुकानात कोणीतरी "हँडल लांब पडतंय ना, सीट पुढे घेऊ" असं म्हटलेलं असतं. हँडल लांब पडत असेल तर स्टेम आखूड करायचा. सीटची जागा पायांवरून ठरते, हँडलवरून नाही.

इथे एक हिशेब विसरला जातो. रोड बाइकची सीट ट्यूब साधारण ७३ अंशांत कललेली असते. त्यामुळे सीट १ सेंटिमीटर मागे नेली की पेडलपासूनचं अंतर सुमारे ३ मिमीने वाढतं, म्हणजे सीट तेवढी खाली घ्यावी लागते. उलट, पोस्ट १ सेंटिमीटर वर काढली की सीट ३ मिमी मागेही जाते. उंची आणि मागे-पुढे या दोन मापांवर दोन-तीनदा आळीपाळीने यावं लागतं ते यामुळे.

कल

अर्ध्या अंशाने जितका फरक इथे पडतो तितका दुसरीकडे कुठेच नाही. सायकल सपाट फरशीवर उभी करा, आणि फरशी खरंच सपाट आहे का ते त्याच मोबाइलने आधी बघा; आपल्याकडे गॅलरी आणि पार्किंग पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराचीच असते. सीटवर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर मोबाइल ठेवा. सीटची शेपटी वर उचललेली असेल तर पूर्ण लांबी मोजू नका, पुढचे दोन तृतीयांश मोजा.

शून्यापासून सुरू करा. पुढचा भाग बधीर होत असेल तर नाक अर्धा अंश खाली, मग एक, फार तर दोन-तीन. त्याहून जास्त खाली केलं की माणूस घसरगुंडीवर बसल्यासारखा पुढे सरकतो, हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो, आणि बधिरपणा बुडातून बोटांत जातो. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबते आहे. अशा वेळी ग्लोव्ह्जमध्ये जेल वाढवण्याआधी सीटचं नाक बघा.

चढाचा हिशेब वेगळा. सात टक्के चढावर अख्खी सायकल चार अंश मागे कलते, म्हणजे घरी शून्यावर लावलेल्या सीटचं नाक घाटात चार अंश वर झालेलं असतं. त्यात वेग कमी, तासभर बसूनच चढायचं, पाय जोर लावत असल्याने बूड हलत नाही. सिंहगड किंवा वरंधा करणाऱ्यांना बधिरपणा नेमका चढावर येतो आणि उतारावर जातो तो यामुळे. ज्यांची बहुतेक राइड घाटात आहे त्यांनी सीट एक अंश खाली लावलेली सोयीची. आणि चढ कितीही सोपा वाटला तरी दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-तीस पेडलं उभं राहून मारावीत, म्हणजे दबलेल्या भागात रक्त फिरतं.

एकाच बोल्टच्या क्लॅम्पमध्ये दाते असतात, त्यामुळे कल टप्प्याटप्प्यानेच बदलतो आणि हवा तो कोन कधीकधी दोन दात्यांच्या मध्ये राहतो. दोन बोल्टच्या सीटपोस्टमध्ये पुढचा सैल करून मागचा आवळत हवा तो कोन धरता येतो. अर्ध्या अंशासाठी ज्यांना झगडावं लागतं त्यांनी नव्या सीटवर पैसे घालण्याआधी दोन बोल्टची पोस्ट घ्यावी. आवळताना रेल्सचा (सीटखालच्या दोन सळ्यांचा) क्लॅम्प कार्बन रेल्सच्या खुणांच्या बाहेर जाऊ देऊ नका. बोल्टवर किंवा क्लॅम्पवर छापलेला टॉर्क पाळा. सीटपोस्टच्या कॉलरला तो सहसा ५-६ न्यूटन मीटर असतो.

हँडल

हूड्सवर हात असताना कोपरात थोडा वाक राहिला पाहिजे आणि खांदे कानांकडे चढता कामा नयेत. कोपर ताठ, मानेच्या मुळाशी आणि दोन फऱ्यांच्या मध्ये दुखणं, आणि दर पाच मिनिटांनी सीटवर मागे सरकावं लागणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली तर हँडल लांब किंवा खाली आहे.

फुकटचा उपाय स्टेम उलटा करणं. बहुतेक स्टेम ६ अंशांचे असतात. १०० मिमीचा असा स्टेम उलटवला की हँडल जवळपास २ सेंटिमीटर वर येतं. आधी हँडल कशाला तरी टेकवा, फेसप्लेटचे (हँडल धरणाऱ्या स्टेमच्या पुढच्या पट्टीचे) चार बोल्ट काढा, हँडल केबलवर हळूच लोंबू द्या. मग स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल, वरची कॅप काढून स्टेम उपसा, उलटवा, परत घाला. वरची कॅप आवळायची ती फक्त खेळ जाईपर्यंत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) टकटक लागू नये आणि हँडल अडकल्यासारखं जड वळू नये. यानंतरच बाजूचे बोल्ट आवळा. आधी बाजूचे आवळून मग कॅपवर जोर काढतात ते चुकतात. त्या जोराचा काही उपयोग नसतो, खेळ तसाच राहतो. फेसप्लेटचे बोल्ट तिरपे, एकाआड एक, थोडे थोडे, वर-खालची फट सारखी ठेवत साधारण ५ न्यूटन मीटरपर्यंत. बऱ्याच नव्या सायकलींत केबल आणि ब्रेकचे होज हेडसेटमधून आत जातात. त्यांच्या स्टेमला घरी हात लावू नका.

लांबी कमी करायची तर एका वेळी १० मिमी आखूड स्टेम. ११० वरून ९० वर येताना हँडल वळवणं थोडं चपळ वाटतं, त्याची सवय दोन दिवसांत होते. स्पेसर (स्टेमच्या वर-खालच्या कड्या) वर-खाली केल्याने उंचीबरोबर लांबीही बदलते, १० मिमी वर गेलं की हँडल सुमारे ३ मिमी जवळ येतं. कार्बनच्या स्टीअररवर (स्टेम बसतो त्या नळीवर) किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते, ती ओलांडू नका. हँडलची रुंदी खांद्यांच्या टोकांच्या हाडांएवढी धरा.

आता सीट

एवढं सगळं करून दुखणं उरलं तर सीटचा प्रश्न. तिची निवड मऊपणावरून नाही, रुंदीवरून होते.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा उचला म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा किंचित वर येतील, कोपर गुडघ्यांवर ठेवून पुढे वाका आणि अर्धा मिनिट तसेच थांबा. पुठ्ठ्यावर बैठकीच्या दोन हाडांचे खळगे उमटतात. दिसत नसतील तर पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा. दोन्ही खळग्यांच्या मध्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. अंगयष्टीवरून याचा अंदाज बांधू नका. सडपातळ माणसाची हाडं दूर असू शकतात आणि जाड्या माणसाची जवळ. बायकांची हाडं सरासरीने दूर असतात, पण हेही सरासरीच.

या अंतरात साधारण २० मिमी मिळवा. शर्यतीसारखं फार वाकून बसणाऱ्यांना १० पुरतात, ताठ बसणाऱ्यांना ३० लागतात. मिळवायचं कारण असं की कंपनीने दिलेली रुंदी कडेपासून कडेपर्यंतची असते आणि कडा खाली वळलेल्या असतात. त्या वळणावर हाड टेकलं तर आधार मिळत नाही. म्हणजे अंतर ११८ आलं तर १३८ च्या आसपास. बाजारात १४३ आणि १५५ ही मापं सर्रास मिळतात, यात १४३ घ्या. गरजेपेक्षा अरुंद सीटवर हाडं कडेवरून निसटतात आणि मधला भाग दबतो. फार रुंद सीट मांड्यांच्या आत घासते. बधीर झालं तर सीट अरुंद आहे, घासलं तर रुंद आहे, असा ढोबळ अंदाज पहिल्या तपासणीला पुरतो.

जेलच्या कव्हरची बाजारात चलती आहे आणि रोड बाइकवर त्याचा उपयोग जवळपास शून्य. हाडं जेलमध्ये रुततात, रुतलेलं जेल मध्ये वर येतं आणि जिथे दाब नको तिथेच दाबतं. वर कव्हर सरकतं ते वेगळंच. मधली खाच बऱ्याच जणांना मानवते, काहींना तिच्या कडा टोचतात. आखूड नाकाच्या सीटा, साधारण २४ सेंटिमीटर लांबीच्या, खूप वाकून बसणाऱ्यांना फार आवडतात. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) साडेतेरा तास मिळतात, आणि इतका वेळ एकाच जागी बसवत नाही. लांब सीटवर पुढे-मागे सरकायला जागा मिळते, आखूड सीट तुम्हाला एका जागी धरून ठेवते. जुन्या लांब सीटच्या जागी आखूड बसवताना नाकाशी नाक जुळवू नका. दोन्ही सीटांवर जिथे रुंदी ८ सेंटिमीटर होते ती रेष जुळवा.

ब्रूक्ससारखी चामड्याची सीट लांबच्या राइडवाल्यांची लाडकी आहे, आणि रुळली की खरंच बुडाचा साचा घेते. पण रुळायला शेकडो किलोमीटर लागतात. भिजलेल्या चामड्यावर बसलं तर ते ताणून झोळी होते, त्यामुळे कोकणात जून ते सप्टेंबर तिला कव्हर पाहिजे, नाहीतर दुसरी सीट. झोळी झाली म्हणून ताणाचा बोल्ट दर महिन्याला फिरवत बसू नका. वर्षाकाठी पाव वेढा पुष्कळ.

कातडी

पॅडेड शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही. आतल्या चड्डीची शिवण हाडाखाली येते आणि पन्नास किलोमीटरनंतर तिथे सोलवटतं. शॉर्ट्स घट्ट हवीत, पॅड कातडीला चिकटून हललं पाहिजे. दर राइडनंतर लगेच धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, उलटी करून वाळवा. पावसाळ्यात पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन-तीन जोड लागतात. दमट पॅड घालून निघालात की केसतूड ठरलेलं. त्या भागातले केस रेझरने काढू नका, कापलेला केस आत वाढून तिथेच गाठ धरते. गाठ आली की फोडायची नाही, आणि ती बसेपर्यंत सीटवर बसायचं नाही.

बधिरपणा राइड संपल्यावर अर्ध्या-एक तासात पूर्ण गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला किंवा लघवीला त्रास झाला तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. अ‍ॅपवर अंश मोजत बसायची ती वेळ नाही.

रस्त्याचा धक्का बुडापर्यंत किती पोचतो हे टायर ठरवतो. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ मिमीचे टायर लावा, आणि ७० किलोच्या माणसाने त्यात १०० पीएसआय भरू नये. ७० ते ७५ मध्ये काम भागतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. रुंदी वाढवल्यावर टायर आणि फ्रेममध्ये चारी बाजूंनी किमान ४ मिमी जागा राहते का ते बघा.

पावसाळा संपला की सीटपोस्ट एकदा पूर्ण बाहेर काढा. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये वर्षभर तशीच राहिली तर पाण्याने आत धरते आणि मग उंची बदलणं विसरा. पुसून ग्रीसचा पातळ थर लावा. पोस्ट किंवा फ्रेम, दोन्हींपैकी एक जरी कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बनची खरखरीत पेस्ट लावा. ग्रीस लावलेली कार्बनची पोस्ट राइडमध्ये मिलिमीटर-मिलिमीटरने खाली बसत जाते आणि महिन्याभराने गुडघ्याची वाटी दुखायला लागते.